दुसरं वालूर

वालूर, १२ सप्टेंबर १९७१

चि. लिंबाजी यास जयभीम.

पत्र लिहिण्यास कारण, माझं धोतर. सव्वा वर्षात मी तुला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितो आहे ती केवळ धोतरापायी, याची नोंद घ्यावी. मन वळलं वगैरे समजू नये.

आश्रुबा सुट्टीवर आला आहे. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने घरातला एकूण एक कपडा, माझी धोतरं, तुझ्या वहिनीची लुगडी, मायची वाकळसुद्धा, विटेच्या मापात घडी घालून फळीवर रचला. वाकळ विटेच्या मापात बसत नाही. तिला त्याने गुडघ्याखाली दाबून बसवली. आता धोतर ही वस्तू मूळची निराकार. नेसणाऱ्याच्या अंगावर गेल्यावर तिला रूप येतं. त्या निर्गुणाला तुझ्या पुतण्याने चौकटी पाडल्या. मी शाळेत गेलो तो कमरेपासून घोट्यापर्यंत पट मांडल्यासारखा. नववीच्या वर्गात मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, सोंगट्या आणू का?" मी शब्दरूपं म्हणवून घेत राहिलो, पण संस्कृत शिकवणाऱ्या माणसापाशी प्रतिष्ठेशिवाय दुसरी इस्टेट नसते, आणि माझ्यासारख्याने ती कशी जमवली हे तुला ठाऊक आहे.

सुभेदारसाहेब, गेल्या वर्षी जूनमध्ये आपण पोराला सिनेमा दाखवतो म्हणून परभणीला नेलंत आणि भरतीच्या रांगेत उभं केलंत. मी कॉलेजच्या प्रवेशाचं सारं करून ठेवलं होतं. घरी येऊन आपण म्हणालात, "दादा, म्या त्याला सरळ करून आणतो." आणला. सरळ होता होता चौकोनी झाला आहे.

बाकी प्रकृती उत्तम. खांदे रुंद झाले आहेत. जेवतो उभ्याने, आणि त्याच्या आईने दुसरी भाकरी थापेपर्यंत पहिली संपलेली असते. रविवारी तिने हौसेने मटण केलं, तर वाटी सरकवली. का, तर भूक नाही. पुढे आईला सांगितलं की संगिनी खुपसायच्या पोत्यांमध्ये तुम्ही भुशाबरोबर खाटकाकडची आतडी भरता, पोरांना सवय व्हावी म्हणून. तुमची पाकक्रिया तुमच्यापाशी असू द्या.

धोतराइतकंच क्षुल्लक आणखी एक. काल जेवताना तो म्हणाला, "बाबा, आपलं गाव तिकडं हाय." मला वाटलं, पोराला गावाची आठवण येते. तसं नव्हतं. तुमच्या शिक्षण केंद्रात गोळीबाराच्या मैदानामागे तू पोरांकडून मातीच्या भिंती आणि पत्रे उभे करवून एक गाव वसवलं आहेस म्हणे. वेस, चावडी, मारुतीचा पार, बारवेकडे उतरणारी वाट, पाटलांची गल्ली, आणि शेवटी आपला बौद्धवाडा. पाटी नाही, पण कोकणातली पोरंसुद्धा सकाळी म्हणतात, "आज वालूरवर हल्ला हाय." रझाकारांच्या सालात जी गल्ली वाचली, ती तू दररोज न्याहारीआधी जाळतोस.

आणि शत्रूची मशीनगन कुठे? तर आपल्या घरात. दारातून शिरलं की डाव्या हाताचा कोपरा. माय बसते तो.

माणिकराव पाटलांचं घर माडीचं आहे. तिथून अर्धं गाव दिसतं. शत्रूने बसावं तर तिथे, हे माझ्यासारख्या मास्तरालाही कळतं. पण तुला शत्रू ठेवायला माझंच घर सापडलं. मी सव्वा वर्ष बोललो नाही त्याचा राग तू बंदुकीने काढतोस, आणि माझ्याच पोराच्या हातून. असो. तुझं कौतुक वाटतं.

मायचा खांदा दुखतो आहे. उंबऱ्याला पाय अडखळला. हळदीचा लेप चालू आहे. काळजीचं कारण नाही.

रंगनाथ


वालूर, २९ सप्टेंबर १९७१

चि. लिंबाजी यास जयभीम.

तुझं कार्ड मिळालं. वाक्यं चार. धोतराबद्दल दिलगीर आहेस. गाव साहेबांच्या मंजुरीने बांधलं आहे. आश्रुबा तुकडीत चांगला आहे. आणि चौथं, "माय त्या उंबऱ्याला जन्मात अडखळली न्हाई, खांद्याला काय झालं ते लिही."

शिपाई माणसाला फसवणं अवघड, हे मान्य. माय डोळ्यांनी जवळजवळ गेली आहे, पण त्या घरात ती डोळ्यांनी वावरत नाही. तेव्हा आता खरं लिहितो, आणि तू उभा राहून वाच.

दुपारची वेळ होती. मी आत वह्या तपासत बसलो होतो. आश्रुबा पाण्याचा तांब्या भरून आला. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आत अंधार. माय कोपऱ्यात वाकळ ओढून घेत होती, ती हलली. एवढंच झालं. आश्रुबाने चौकटीला पाठ लावली, आत वळला आणि हातातला तांब्या कोपऱ्यात फेकला. फेकून जमिनीवर पालथा पडला, डोकं दोन्ही हातांखाली. मी उठेपर्यंत तो उठला होता आणि मायच्या अंगावर मूठ उगारून उभा होता. त्याच्या तोंडातून एक आवाज निघाला. आपल्या घरात जन्मणारे, मरणारे, भांडणारे सगळे आवाज मी ऐकले आहेत. हा त्यातला नव्हता.

माय म्हणाली, "आरं, पाणी सांडलं की."

मग तो थांबला. तिचा खांदा तेवढ्यात काळानिळा व्हायला लागला होता.

तो बारवेच्या पायऱ्यांवर जाऊन बसला. मी मागे गेलो. उपदेश करायचा बेत होता, पण त्याचं तोंड पाहून तो बारगळला. मग त्याने आपणहून सांगितलं. तू त्या कोपऱ्यात बुजगावणं बसवलं आहेस, लुगडं नेसवून. कधी त्या लुगड्याखाली काही नसतं, कधी बंदूक असते. पहिल्या खेपेला तो दारातून शिरला आणि लुगडं पाहून थांबला. भिंतीमागून तू दोरी ओढलीस, बार निघाला, आणि माझा मुलगा मेला. तू त्याला तिथेच उन्हात आडवं पाडलंस. बाकीची पोरं त्याला ओलांडून दिवसभर हल्ले करत राहिली. जेवणाची वेळ झाली तेव्हा तो उठायला लागला, तर तू म्हणालास, "मेलेल्याला भाकर नसती."

दुसऱ्या खेपेला तो थांबला नाही, सरावाचा हातबाँब थेट कोपऱ्यात टाकला. तू त्याची पाठ थोपटलीस. हे सांगताना तो हसला, लिंबाजी. लहानपणी तू बैलासारखा त्याला पाठीवर घेऊन फिरायचास तेव्हा हसायचा, तसाच. पोराला अजून तुझी थाप गोड लागते. मला त्याची पाठ थोपटता आली नाही, कारण मी नेहमी त्याच्या चुकाच काढत आलो. तुझ्यावरचा राग यामुळे कमी झालेला नाही. उलट वाढला आहे.

लुगडं हिरवं आहे म्हणे, तांबड्या काठाचं. कुणाचं ते मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

गुरुवारी तो सेलूहून गाडीत बसला. निघताना मायच्या पाया पडला. ती म्हणाली, "जा बाबा, आता आजीवर बाँब टाकू नकू." सगळे हसले. तो हसला नाही. उरलेलं शिक्षण तुझ्याच हाताखाली आहे असं सांगत होता. लवकर आटप आणि माझा मुलगा मला परत कर. ज्या मापात नेलास त्या मापात.

रंगनाथ


वालूर, १७ ऑक्टोबर १९७१

चि. लिंबाजी यास जयभीम.

मायला विचारलं. मी वकिलासारखी लांबून सुरुवात केली, की माय, तुझं ते हिरवं लुगडं बऱ्याच दिवसांत दिसलं नाही, वाकळीत घातलंस की काय. ती म्हणाली, "मास्तरकी माझ्यासंगं करू नकू. मीच दिलं त्याला."

मी विचारलं, कशासाठी दिलंस, ठाऊक होतं?

"ठाऊक व्हतं. पासष्ट साली त्याच्या जोडीचं पोरगं एका दारात थांबलं. आत लुगडं दिसलं म्हणून थांबलं आन् मेलं. लिंबाजी म्हणला, माय, नव्या पोरास्नी ते दाखवायचंय. दुसरीचं लुगडं कुठून आणू? म्या म्हणलं, ने."

मी म्हणालो, तुझ्याच नातवाने तुझ्यावर धावून यावं म्हणून दिलंस? तर म्हणते, "माझा खांदा काय, आज हाय उद्या न्हाई. ते वाचलं पायजे." एवढं बोलून तिने तंबाखूची डबी उघडली. वाद संपला. उत्तरपक्ष मांडायची संधी मला या घरात आजवर मिळालेली नाही.

पासष्ट सालचं तू मला कधी बोलला नाहीस. मायला बोललास. हरकत नाही. मी विचारलंही नव्हतं.

आता तुझं पत्र. मी खडसावून विचारलं होतं की शत्रूसाठी माझंच घर का, आणि तू लिहिलंस, "दादा, राग न्हाई. गाव बांधलं तेव्हा ध्यानात आलं की दुसऱ्या कुणाच्या घराचं आतलं मला ठाऊक न्हाई. आपल्याच घराचं ठाऊक हाय. म्हणून तेवढंच आतून केलं. बाकीची नुसत्या भिंती हायेत."

हे वाचून मी चिडलो. तुझ्यावर चिडण्याचं एक पक्कं कारण हातचं गेलं म्हणून. मग तुला खोटं पाडावं या इराद्याने मी बसल्या जागी गावातून एक फेरी मारली. पाटलांचं घर: मला ओसरी ठाऊक. वाण्याचं: फळीपर्यंत. देशपांड्यांचं: अंगण, तेही मागच्या बाजूचं, जिथे आपण लाकडं रचायचो आणि वरून भाकरी पडायची. मारुतीची: पायरी. माणिकरावांच्या दोन मुलांना मी एकामागून एक संस्कृत शिकवलं, तिसरा सध्या चालू आहे. त्यांच्याकडे मला कपबशीतून चहा मिळतो आणि ती कपबशी ओसरीच्या कोनाड्यात वेगळी ठेवलेली असते. ओसरीच्या पुढे काय आहे? मला ठाऊक नाही. छप्पन साली आपण धर्म बदलला. त्या घरांची आतली दारं मी तेव्हाही पाहिली नव्हती आणि आजही नाही. तुझं म्हणणं सिद्ध झालं.

पण यातून जे निघतं ते तुझ्या ध्यानात आलं आहे का? आश्रुबाला मी बारवेवर विचारलं होतं की पाटलांच्या घरात तुम्ही काय करता. तो म्हणाला, "तिथं काय न्हाई बाबा, मोकळं हाय. पळत पार करायचं आन् आपल्या घरावर जायचं." म्हणजे तुझ्या सगळ्या पोरांच्या अंगात एकच घर मुरलं आहे. एक खोली, एक दार, शत्रू डावीकडे. अरे, सीमेपलीकडचं प्रत्येक घर बौद्धवाड्यात असेल असं तुला कुणी सांगितलं? तिकडे जिने असतील, मागची दारं असतील, माळे असतील. माझा मुलगा पाटलाच्या घरात शिरेल, डावीकडे वळेल, आणि त्याला कोणीतरी उजवीकडून मारेल. आपल्या दोघांना ज्या घरांत घेतलं नाही, त्या घरांबद्दलच्या आपल्या अज्ञानापायी तो मरेल.

तिकडची घरं बांबूची असतात की विटांची, मला माहीत नाही. तुलाही नसेल. पण निदान एका माडीच्या घराचं पोट कसं असतं एवढं तरी त्यांना दाखव.

ते तू कुठून आणणार, हा प्रश्न आहेच. तूर्त मी काही कबूल करत नाही.

रंगनाथ


वालूर, ८ नोव्हेंबर १९७१

चि. लिंबाजी यास जयभीम.

सोबत नकाशा आहे. काढणाऱ्याचा हात चित्रकलेचा नाही, तरी जिना हा जिनाच आहे आणि कणगी ही कणगी. गाढव समजू नये.

तो कसा मिळाला हे ऐक, कारण तुमच्या केंद्रात अशी मोहीम कुणी शिकवत नसेल. माणिकरावांच्या धाकट्याला, बन्सीधरला, मी ओसरीवर शिकवतो. पहिल्या दिवशी मला वारा बाधला. मी खोकलो आणि सतरंजी भिंतीकडे सरकवून घेतली. दुसऱ्या दिवशी उजेड कमी पडला, तेव्हा चौकात बसलो. चौक काबीज होताना प्रतिकार झाला नाही. मग चौकात ऊन फार, म्हणून माजघराच्या दाराशी. मुलगा म्हणाला, "सर, उद्या चुलीपाशी बसायचं का?" त्याला मी एक संपूर्ण धातू चालवायला दिला.

माजघराच्या उंबऱ्याशी नर्मदाबाई पाटलीण उभ्या राहिल्या. माणिकराव कापूस घेऊन मानवतला गेले होते. डोक्यावरचा पदर नीट करून म्हणाल्या, "मास्तर, हितवर ठीक हाय. पुढं काय हाय तुमचं?"

माझ्यापाशी सबबी भरपूर होत्या. ऐन वेळी एकही तोंडात येईना. म्हणालो, पाटलीणबाई, पोरगं लढाईवर जायलंय. त्याला घर आतून कसं असतं ते ठाऊक नाही.

"म्हंजे? तुमी काय झाडाखाली ऱ्हाता का?"

माडीचं घर, मी म्हणालो. जिना कुठे, मागचं दार कुठे, माणूस लपायचा तर कुठे लपेल.

"इतकी वर्सं येताव की तुमी."

ओसरीपर्यंत, मी म्हणालो.

 त्यांना राग आला असेल किंवा कीव. दोन्ही मला नको होतं. मग मुलाला म्हणाल्या, "बन्सी, कंदील लाव. मास्तरला घर दाव." आणि आपणही मागे आल्या.

तर ऐक. माजघरातून जिना उजवीकडे वर चढतो आणि मध्येच वळतो. त्या वळणावर खालच्याला वरचा दिसत नाही, वरच्याला खालचा दिसतो. माडीला गल्लीकडे दोन खिडक्या. वर धाब्याच्या छताला मधोमध उजेडासाठी भोक, तिथून माणूस उतरू शकतो. मागचं दार गोठ्यातून, त्याला आतून आडणा. चुलीच्या खोलीत उजव्या अंगाला ज्वारीची कणगी, पुरुषभर उंच. तिच्यामागे भिंतीला लागून एक जागा राहते, अंधारी. मी वाकून पाहिलं तरी दिसली नाही. नर्मदाबाईंनी दाखवली.

म्हणाल्या, "हितं बसलं की कुणाला दिसत न्हाई. रझाकाराच्या साली आमी तिगी जावा दोन दिस हितंच बसलो व्हतो. मी नवी नवरी. एकजण दिवा घेऊन दारापस्तर आला, बघून गेला." मग म्हणाल्या, "त्यानं हात घातला असता तर घावलो असतो."

आणखीही एक गोष्ट त्या म्हणाल्या. ती नकाशात बसणारी नव्हती, म्हणून लिहीत नाही.

मी पायऱ्या उतरत होतो तेव्हा त्यांनी गडिणीला हाक मारून माजघर सारवून घ्यायला सांगितलं. सारवण्याचा वार होता का, मी विचारलं नाही. बाईंनी कणगीमागची जागा दाखवली, जी त्यांनी बहुधा नवऱ्यालाही कधी बोलून दाखवली नसेल, आणि माझ्यामागे शेणही फिरवलं. यातलं एक धरून दुसरं सोडावं म्हटलं, तर मला जमत नाही. आता उद्या शिकवणी ओसरीवर.

तू हे सगळं तातडीने उभं कर. जिना मातीचा करू नकोस, पोरांचे पाय घसरतील. आणि शत्रू माझ्या कोपऱ्यातून हलव. त्याला कणगीमागे बसव, नाहीतर जिन्याच्या वळणावर. त्याने आता मोठ्या घरात राहावं, त्याची लायकी आहे.

हे मी तुझ्यासाठी केलेलं नाही. आपल्यातलं भांडण आहे तसंच आहे.

रंगनाथ


वालूर, ५ डिसेंबर १९७१

लिंबाजी,

परवा रात्रीपासून गावात एकच विषय. ग्रामपंचायतीच्या रेडिओपुढे माणसं उभी असतात, बातम्या हिंदीतून लागतात, आणि त्यांचं मराठी करून सांगायला मला बोलावतात. माणिकरावांनी काल सगळ्यांदेखत मला जवळ बसवलं आणि विचारलं, "मास्तर, आपलं पोरगं कोण्या बाजूला हाय?" आपलं म्हणाले. मी म्हणालो, पत्र नाही. खरंच नाही. केंद्रातून निघताना त्याने कार्ड टाकलं होतं, "खुशाल आहे, गाडीत बसतो आहे." कुठली गाडी, कुठली दिशा, काही नाही. पूर्वेकडे असावा असं मला वाटतं. तुला ठाऊक असेल तर तू लिहिणार नाहीस, हेही कळतं.

तुझं पत्र तीनदा वाचलं. "दादा, नकाशा पोचला. जिना केला, कणगी केली. आश्रुबाच्या तुकडीला एकदाच करायला मिळालं, तिसऱ्या दिवशी हुकूम आला. आश्रुबा जिन्याच्या वळणावर नीट गेला. कणगीपाशी वाकून बघितलं न्हाई, थेट टाकला. पास झाला."

आता मला जे लिहायचं आहे ते विनोदात बसत नाही. दोन दिवस बसवून पाहिलं.

नर्मदाबाई जे म्हणाल्या होत्या आणि मी तुला कळवलं नाही, ते हे: "मास्तर, तुमच्या पोराला सांगा, कणगीमागं बायाबी असत्यात." मी मान डोलावली. सांगतो म्हणालो. घरी येऊन नकाशा काढला, कणगी काढली, तिच्यामागे फुली मारली, आणि ते वाक्य लिहायला लेखणी टेकवली. लिहिलं नाही. विसरलो म्हणून नव्हे. ते वाचून तो थांबेल, म्हणून.

आणि "थेट टाकला" हे तुझे शब्द वाचले तेव्हा मला बरं वाटलं. तुझी वहिनी समोर होती. तिने विचारलं, काय लिहिलंय, तर मी म्हणालो, चांगलं चाललंय त्याचं. भाकरी गोड लागली त्या दिवशी. हात धुताना ध्यानात आलं की मी कशाबद्दल खूश आहे.

मी रोज सकाळी पंचशील म्हणतो. पहिलं शील जीवहत्या न करण्याचं, ते तुला सांगायला नको. सव्वा वर्ष मी तुझ्याशी अबोला धरला, तो या शीलाच्या जोरावर. माझ्या पोराचं तू काय केलंस, असं म्हणत राहिलो. मायच्या खांद्याची जखम तुझ्या तोंडावर मारली. तू काही उलटून बोलला नाहीस. तू ते पासष्ट साली दारात उभं राहून पाहिलं होतंस, आणि मी पाहिलं नव्हतं.

तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. तू मला न विचारता त्याला नेलंस, हे मी मरेपर्यंत धरून राहणार. पण तू त्याला फार शिकवलंस, ही तक्रार मी मागे घेतो. कारण आता उठल्यापासून निजेपर्यंत मला एकच घोर आहे, की पुरतं शिकवलं नसशील तर. तो थांबणारा पोरगा आहे. लहानपणी मुंग्यांची रांग आडवी आली तरी थांबायचा, आणि मी त्याला त्याबद्दल शाबासकी द्यायचो. तेवढी एकच शाबासकी मी त्याला दिली. ती अजून त्याच्या अंगात कुठे शिल्लक असली तर तो मरेल. नसली, तर तिकडे कुणाच्या तरी कणगीमागे बसलेली बाई मरेल. या दोहोंतलं एक मला निवडायला सांगितलं तर मी काय निवडीन, याबद्दल माझ्या मनात क्षणभरही शंका नाही. मला तो जिवंत हवा आहे. समोर कुणीही असो. मी असा माणूस आहे हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळतं आहे, आणि मला त्याची भीती वाटते. त्याच्या मरणाची वाटते तितकीच.

तू त्याला रोज जवळून पाहिलं आहेस. मला सांत्वन नको, साहेबांचं मत नको. तो थांबेल का, एवढं मला लिही.

तुझा
दादा